लपणं, दबकणं आणि फासे: टेबलटॉप आरपीजीत स्टेल्थ नीट कशी चालवायची?

देवडीवाला (धागाकर्ता)

आरपीजी (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र वठवायचा खेळ) खेळणाऱ्यांच्या ओळखीचा हा प्रसंग आहे. चौघांची टोळी रात्री किल्ल्यात शिरायचं ठरवते. अर्धा तास आखणी रंगते. मग डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणतो, "चला, सगळ्यांनी स्टेल्थ टाका." वीस बाजूंचा फासा अधिक लपण्याच्या कौशल्याचा आकडा: चोराला २३, विझार्डला (जादूगार) १५, क्लेरिकला (पुजारी) ९, साखळी चिलखतातल्या फायटरला (लढवय्या) ४. झाली बोंब. आखणी वाया, आणि पुढचे दोन तास नेहमीची हाणामारी. दोन-तीनदा असं झालं की खेळाडू लपायचा विचारच सोडून देतात. दार फोडणं त्यांना परवडतं.

माझं ठाम मत असं की यात फाशाचा दोष नसतो. फासा फार लवकर टाकला जातो, आणि कोणाविरुद्ध टाकला हे कोणालाच ठाऊक नसतं. 'आम्ही लपतो' हे वाक्य अपुरं आहे. कोणापासून लपता? त्याला तुम्ही दिसाल, ऐकू याल की वास येईल? आणि आडोसा संपतो ती नेमकी जागा कुठली? या तीन गोष्टी टेबलावर ठरल्याशिवाय फाशाला हात लावू नये. त्या ठरल्या की बहुतेक वेळा एकच रोल पुरतो, आणि तोही शेवटच्या उघड्या टप्प्यावर.

डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स) २०१४ची पाचवी आवृत्ती, तिची २०२४ची सुधारित नियमावली, पाथफाइंडर २, ब्लेड्स इन द डार्क, या सगळ्या खेळांवर बोलू. नियम सांगताना कुठल्या आवृत्तीचा ते लिहा, कारण निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

---

वीस_बाजू

सहमत. 'एकच रोल' का, हे आकड्यांत सांगतो.

एका रोलला ७० टक्के यश धरा, म्हणजे पात्र चांगलंच निपुण आहे. डीएमने तटाशी एक, अंगणात एक, जिन्यावर एक आणि दाराशी एक असे चार रोल मागितले, तर चारही जमण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे २४ टक्के. प्रत्येक रोल सोपा वाटतो, पण साखळी अवघड होते. डीएमला वाटतं आपण ताण वाढवतोय. प्रत्यक्षात निकाल आधीच लागलेला असतो, फक्त तो हळूहळू कळतो.

हीच चूक दुसऱ्या बाजूनेही होते. सहा पहारेकरी आहेत म्हणून डीएम सहांसाठी वेगवेगळे पर्सेप्शन (चाहूल घेण्याचं कौशल्य) टाकतो. वीस बाजूंचे सहा फासे टाकले की त्यांतला सर्वांत मोठा सरासरी साडेसतराच्या वर जातो. त्यात पहारेकऱ्याचे +२ मिळवा, म्हणजे चोराला वीसच्या आसपास हवेत. पॅसिव्ह पर्सेप्शन यासाठीच आहे. १० अधिक मॉडिफायर (कौशल्याची भर), ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणं) असेल तर आणखी ५, डिसॲडव्हान्टेज (दोनांतला लहान घेणं) असेल तर ५ वजा. जो मुद्दाम शोधत नाही त्याच्यासाठी हा स्थिर आकडा. फासा फक्त शोधायला निघालेल्याने टाकायचा.

पडद्यामागे एक छोटं कार्ड ठेवा: प्रत्येक शत्रूचं पॅसिव्ह, डार्कव्हिजन (काळोखात पाहण्याची शक्ती) आहे की नाही, नाक-कान तिखट आहेत की नाही. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला साधा गार्ड १२, गॉब्लिन ९, मॅस्टिफ कुत्रा १३. कुत्र्याला ऐकण्या-हुंगण्यात ॲडव्हान्टेज असतो, म्हणून त्या दोन इंद्रियांसाठी तो १८ धरायचा. ही पाचांची भर बरेच डीएम विसरतात, आणि कुत्रा माणसाइतकाच बधिर ठरतो.

---

तिरपा_फासा

उजेडाचा हिशोबही असाच राहून जातो. २०१४च्या नियमात मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि त्यापुढे २० फूट अंधूक. हूडेड लँटर्न ३० अधिक ३०, झाकण खाली केलं की फक्त ५ फूट अंधूक. बुल्सआय लँटर्न ६० फुटांचा झोत, पुढे ६० अंधूक.

अंधुकात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे पॅसिव्हमधून ५ वजा. डार्कव्हिजन असलेल्यालाही पूर्ण काळोख 'अंधूक' दिसतो, दिवसासारखा नाही. म्हणून मिट्ट काळोखात बसलेल्या गॉब्लिनचं नजरेचं पॅसिव्ह ९ नसून ४. आणि माणसाला तिथे काहीच दिसत नाही.

पण दोन गोष्टींची गल्लत नको. अंधुकात असणं म्हणजे लपायची परवानगी नव्हे. २०१४चा नियम सांगतो की जो तुम्हाला स्पष्ट पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही, आणि परिस्थिती लपण्याजोगी आहे का हे डीएम ठरवतो. नुसत्या अंधुकात लपता यावं म्हणून तर स्कल्कर हा फीट (पात्रासाठी निवडायची खास क्षमता) आहे, आणि वूड एल्फला पानोळ्यात, पावसात, धुक्यात लपायची खास मुभा आहे. ते सगळ्यांना फुकट दिलं तर ज्याने फीट घेतला त्याच्यावर अन्याय होतो.

---

घुबडदृष्टी

दोघांचेही मुद्दे बरोबर, पण मूळ तक्रार फायटरच्या ४ ची होती. तिथे ग्रुप चेक वापरा. २०१४च्या नियमावलीतच आहे: सगळ्यांनी टाकायचं, निम्मे किंवा जास्त यशस्वी तर सगळी टोळी यशस्वी. प्रत्येकाला ६५ टक्के यश धरलं तर चौघांनाही एकाच वेळी जमण्याची शक्यता १८ टक्के, चौघांत किमान दोघांना जमण्याची ८७ टक्के. एकाच टोळीसाठी हा एवढा फरक.

---

खडूरेघ

ग्रुप चेकवर माझी हरकत आहे. चिलखत खडखडवत फायटर चालला आणि बाकीच्यांचे आकडे चांगले आले म्हणून पहारेकरी बहिरा झाला? हे पटत नाही. त्याने ४ टाकलाय, त्याचं काहीतरी व्हायला हवं.

---

घुबडदृष्टी

@खडूरेघ, रास्त शंका आहे. पण ग्रुप चेकमध्ये चोर स्वतःपुरता लपत नसतो. तो पुढे जाऊन हात वर करतो, टोळी थांबते. गस्त वळली की फायटरला दोन पावलं पुढे घेतो. खडखड झाली ती पहारेकरी शिंकला त्या क्षणी. डीएमने हे दोन वाक्यांत सांगितलं की पटतं. सांगितलं नाही तर नियम खोटा वाटतो, हे मान्य.

पाथफाइंडर २ मध्ये हेच 'फॉलो द एक्स्पर्ट' नावाने आहे. निपुण माणसामागून चालणारा, त्याला ते कौशल्य येत नसलं तरी, आपली लेव्हल मिळवतो आणि वर +२, +३ किंवा +४, पुढचा किती तरबेज आहे त्याप्रमाणे. ब्लेड्स इन द डार्कमध्ये सगळे प्राउल (दबकून वावरण्याची कृती) टाकतात, सर्वांत चांगला रोल टोळीचा धरतात, आणि ज्याचा-ज्याचा रोल १ ते ३ आला त्या प्रत्येकामागे म्होरक्याला १ स्ट्रेस (ताणाचा गुण). ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. अडाण्याला सोबत नेता येतं, पण त्याची किंमत नेणारा मोजतो.

---

देवडीवाला

@खडूरेघ, तुमच्या '४'साठी उपाय आहे, तो खाली लिहितो. आधी एक प्रसंग पूर्ण मांडतो.

किल्ल्याचं दार. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये आत दडवलेला आहे, तशी रचना डोळ्यासमोर आणा. बुरुजाला वळसा घातल्याशिवाय दार दिसत नाही, आणि दारातल्या माणसालाही वळणापलीकडचं दिसत नाही. स्टेल्थसाठी याहून चांगला नकाशा नाही, कारण आडोसा नेमका कुठे संपतो ते सगळ्यांना दिसतं. मोठ्या दाराची दिंडी उघडी, आत देवडीत दोन गार्ड, खुंटीला एक मशाल, पायाशी मॅस्टिफ. वळणापासून दिंडी ३५ फूट.

टोळी तिसऱ्या लेव्हलची, नियम २०१४चे. रोग (rogue) क्लासचा चोर +७ (डेक्स म्हणजे चपळाईचे ३, एक्स्पर्टीज म्हणजे नैपुण्याचे ४). विझार्ड +२. ट्रिकरी डोमेनची क्लेरिक स्केल मेलमध्ये (खवल्यांचं चिलखत), +१ आणि डिसॲडव्हान्टेज. फायटर चेन मेलमध्ये, +० आणि डिसॲडव्हान्टेज.

वळणापर्यंत रोल नाही. तिथवर काळोख आहे, दारातून दिसत नाही, वारा टोळीच्या तोंडावर आहे. सांगायचं, "पोचलात." रोल फक्त त्या ३५ फुटांचा. पहिले १५ फूट अंधूक, पुढचे २० लख्ख. लख्ख उजेडात नुसत्या दबक्या पावलांनी काही होत नाही. गार्डांची पाठ वळवायला हवी किंवा मशाल विझवायला हवी. हे खेळाडूंनी सुचवायचं. कोणी देवडीमागे धोंडा भिरकावला, गार्ड तिकडे वळले असं धरू. आता प्रश्न उरला आवाजाचा, आणि कुत्र्याचा.

@वीस_बाजू, हिशोब तुम्ही करा.

---

वीस_बाजू

केला. सगळीकडे ग्रुप चेक, चौघांत किमान दोघे यशस्वी.

कुत्रा जागा, लक्ष्य १८, काहीच तयारी नाही: १६ टक्के. वेगवेगळे चार रोल घेऊन चारही हवेत असा हट्ट धरला, तर जवळजवळ ९ हजारांत एक.

कुत्र्याला मांस टाकून बाजूला नेला, उरले गार्ड, लक्ष्य १२: ६३ टक्के.

त्यावर फायटर आणि क्लेरिकने वळणाआडच चिलखत उतरवलं: ८० टक्के. मात्र जड चिलखत उतरवायला ५ मिनिटं, चढवायला १०. मध्यम उतरवायला १, चढवायला ५. आत मारामारी झाली तर उघड्या अंगाने. खरा निर्णय हा आहे.

कुत्रा तिथेच, चिलखतं अंगावर, पण क्लेरिकने पास विदाउट ट्रेस हा मंत्र टाकला, प्रत्येकाला +१०: ९३ टक्के. यात चोराला फासा टाकायचीही गरज उरत नाही, १ आला तरी १८ होतात.

म्हणजे १६ पासून ९३ पर्यंतचा सगळा प्रवास फासा टाकायच्या आधीचा आहे.

---

तिरपा_फासा

पास विदाउट ट्रेससाठी तीन सूचना. दुसऱ्या पातळीचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी), कॉन्सन्ट्रेशन (मंत्रावर लक्ष टिकवणं), जास्तीत जास्त एक तास. परिणाम टाकणाऱ्यापासून ३० फुटांत, म्हणून चोर ४० फूट पुढे टेहळणीला गेला की त्याचे +१० गेले. आणि मंत्र तोंडाने म्हणावा लागतो. दिंडीसमोर पुटपुटलात तर सगळं मुसळ केरात. वळणापलीकडे, मागे जाऊन टाका.

शिवाय याच क्लेरिककडे पहिल्या लेव्हलपासून ब्लेसिंग ऑफ द ट्रिकस्टर आहे. दुसऱ्या कोणाला स्पर्श केला की त्याला एक तास स्टेल्थमध्ये ॲडव्हान्टेज. तो फायटरला द्या, चोराला नको. ॲडव्हान्टेज आणि चिलखताचा डिसॲडव्हान्टेज एकमेकांना खातात आणि फायटर साध्या रोलवर येतो. १२ विरुद्ध त्याचं यश २० टक्क्यांवरून ४५ वर जातं. चोराला दिलं तर ८० चे ९६ होतात, टोळीचा फायदा कमी.

---

काजवा

पण मग डीएमच्या हातात काय उरलं? ९३ टक्के म्हणजे ताणच नाही.

---

देवडीवाला

ताण वेळेत आहे. एक तासाचं कॉन्सन्ट्रेशन, गमावलेला स्लॉट, मांस संपलं की परतणारा कुत्रा. खेळाडूंनी डोकं लावून ९३ मिळवले असतील तर ते त्यांचे आहेत. गुपचूप लक्ष्य वाढवून ते काढून घेऊ नयेत. पुढच्या वेळी ते डोकं लावणार नाहीत.

आता @खडूरेघ यांच्या ४ बद्दल. अपयश म्हणजे लगेच बोंब असं धरल्यामुळे सगळं बिघडतं. आपल्या भाषेत यासाठी तयार शिडी आहे, ती टेबलावर तशीच वापरा:

बेसावध, चाहूल, संशय, शोध, बोंब.

*चाहूल*: गार्डने बोलणं थांबवलं, कान टवकारले. जागेवरून हलला नाही.
*संशय*: "कोण रे तिकडे?" हात भाल्याकडे. या पायरीपासून पॅसिव्हला ॲडव्हान्टेजचे +५. हा माझा ठोकताळा आहे, पुस्तकातला नियम नाही.
*शोध*: एकजण मशाल घेऊन निघाला. आता तो सक्रिय पर्सेप्शन टाकतो, तुमच्या टिपून ठेवलेल्या स्टेल्थ आकड्याविरुद्ध.
*बोंब*: शिंग, घंटा, सगळी देवडी जागी.

ग्रुप चेक यशस्वी झाला, पण फायटरचा रोल फसला? टोळी पोचली आणि शिडी एक पायरी वर. दोघांचे फसले तर दोन. ग्रुप चेकच फसला तर थेट 'शोध'. म्हणजे ४ ची किंमत मोजली गेली, पण खेळ संपला नाही. प्रत्येक पायरीवर खेळाडूंना एकेक कृती करायला मिळायलाच हवी: मांजराचा आवाज काढा, मागे सरा, मशालीवर पाणी टाका. दहा मिनिटं शांत गेली की एक पायरी खाली. 'बोंब' मात्र खाली उतरत नाही.

कागदावर पाच घरं काढा आणि एक सोंगटी ठेवा. सर्वांना दिसेल अशी. खेळाडूंच्या नजरा त्या सोंगटीवरून हटत नाहीत.

---

खडूरेघ

हे पटलं. हरकत मागे घेतो. 'संशय' आणि 'शोध' वेगळे ठेवलेत ते विशेष आवडलं, इंग्रजी पुस्तकांत दोन्हीला 'अलर्ट' म्हणून मोकळे होतात.

---

पडद्याआड

पाथफाइंडर २ मधली एक गोष्ट कुठल्याही खेळात उचलून न्यावी अशी आहे. तिथे लपण्याच्या चार अवस्था आहेत आणि त्या पाहणाऱ्यागणिक वेगळ्या असतात:

ऑब्झर्व्हड: दिसतोयस.
हिडन: दिसत नाहीस, पण नकाशाच्या कुठल्या चौकोनात आहेस ते ठाऊक आहे.
अनडिटेक्टेड: आहेस हे कदाचित ठाऊक आहे, कुठे ते नाही.
अननोटिस्ड: कोणी आहे याचीच कल्पना नाही.

खांबाआड गेलेला चोर आपण 'गायब' झालोय असं समजतो, आणि डीएम 'अरे, खांबाआड आहेस ते सगळ्यांनी पाहिलं' म्हणतो. दोघांच्या मनात वेगळ्या अवस्था असतात, डीएम हिडन बोलतोय, चोर अनडिटेक्टेड. हिडन असलेल्यावर वार करायचा तर आधी ११ चा फ्लॅट चेक (कसलीही भर न घालता नुसता फासा), म्हणजे निम्मे वार फुकट. तिथून अनडिटेक्टेड व्हायचं तर स्नीक करून जागा बदलावी लागते, निम्म्या वेगाने, आणि हालचाल संपते तिथेही आडोसा किंवा धूसरपणा हवा. खांबामागून त्याच खांबामागे काही सिद्ध होत नाही.

शिवाय तिथे हे चेक जीएम (तिथला डीएम) गुपचूप टाकतो. खेळाडूला निकाल कळत नाही, तो नुसता दबकत राहतो.

---

काजवा

गुप्त रोल मला रुचत नाही. स्वतःचा फासा स्वतःच्या हाताने टाकण्यात मजा आहे. दुसऱ्याने आपल्या पात्रासाठी टाकला की खेळाडू टेबलापासून तुटतो.

---

देवडीवाला

दोन्ही साधतं. फासा उशिरा टाका. खेळाडूने "लपतो" म्हटलं तेव्हा नाही, तर पहिल्या शत्रूला दिसायची-ऐकू यायची संधी येते त्या क्षणी. रोल खेळाडूचाच, निकाल सगळ्यांसमोर, पण तोवर तो सर्वांनाच अज्ञात. मग '३ आला, मी नाही जात आत' ही पळवाट राहत नाही, कारण तो आधीच आत आहे. आणि रोल फसला तरी त्याला शिडी आहे.

---

वीस_बाजू

२०२४च्या नियमावलीवर कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. तिथे हाइडसाठी (लपण्याची कृती) ठरलेलं लक्ष्य १५ आहे. पूर्ण धूसर जागा किंवा निदान तीन चतुर्थांश आडोसा हवा, आणि कुठल्याही शत्रूच्या नजरेच्या रेषेत असता कामा नये. जमलं की इनव्हिजिबल ही अवस्था मिळते आणि तुमचा आकडा टिपून ठेवायचा. शोधणाऱ्याला तो गाठावा लागतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, ॲटॅक रोल, तोंडाने म्हणायचा मंत्र किंवा शत्रूने शोधून काढणं, यांतलं काहीही झालं की अवस्था संपते.

वाद 'इनव्हिजिबल' शब्दावरून होतो. काही खेळाडू म्हणतात की एकदा १५ मारले की दिवसाढवळ्या चौकातून चालत जाता येईल, कारण अवस्था संपवणाऱ्या यादीत 'आडोसा सोडणं' नाही. माझं वाचन असं: 'शत्रूने शोधून काढणं' यात पॅसिव्ह पर्सेप्शनही येतं, आणि आडोसा सोडून गार्डच्या समोर उभं राहिलात तर त्याला काही शोधावंच लागत नाही. हे खेळ सुरू व्हायच्या आधी एका वाक्यात सांगून टाका. ऐन प्रसंगी वाद घालू नका.

सरप्राइजही (शत्रूला बेसावध गाठणं) बदललंय. २०१४त बेसावध शत्रू पहिल्या टर्नला हलू शकत नाही, कृती करू शकत नाही. २०२४त फक्त इनिशिएटिव्हला (लढाईत कोण आधी हे ठरवणारा रोल) डिसॲडव्हान्टेज. दबा धरून हल्ला करण्याचं मोल बरंच घटलं आहे, तेव्हा जुनी साहसं नव्या नियमांत चालवताना शत्रूंची संख्या पाहून घ्या.

---

तिरपा_फासा

'गार्डला गपचूप पाडतो' याचाही हिशोब द्यायला हवा, कारण आखणी हमखास तिथे फसते. २०१४, तिसऱ्या लेव्हलचा चोर, शॉर्टस्वोर्ड, लपून वार. गार्डचं एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १६, हिट पॉइंट (किती इजा सोसेल) ११. चोराचे +५ आणि ॲडव्हान्टेज, लागण्याची शक्यता ७५ टक्के. इजा सहा बाजूंचे तीन फासे अधिक ३. किमान ११ होऊन तो एका वारात पडण्याची एकूण शक्यता, क्रिट (२० आला की इजेचे फासे दुप्पट) धरून, ६४ टक्के. म्हणजे तीनांतल्या एका वेळी गार्ड उभा आहे आणि त्याला ओरडायला कृतीही लागत नाही. देवडीत दोघे असतील तर दुसरा आहेच.

आवाज किती दूर जातो? अधिकृत डीएम स्क्रीनवर सोपा तक्ता आहे: दबक्या आवाजाला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) गुणिले ५ फूट, साध्या आवाजाला २डी६ गुणिले १०, मोठ्या आवाजाला २डी६ गुणिले ५०. सरासरी ३५, ७० आणि ३५० फूट. एका किंकाळीने साडेतीनशे फुटांतली प्रत्येक देवडी शिडीवर चढते. म्हणून आधी दुसऱ्या गार्डला दूर काढा, मग पहिल्याकडे जा.

आणि 'आधी वार, मग इनिशिएटिव्ह' करू नका. वार करायचं ठरलं की इनिशिएटिव्ह टाका. बेसावध गार्डची टर्न आली तरी रिकामी जाते. नाहीतर चोराला फुकटचा वार मिळतो, आणि पुढच्या वेळी गॉब्लिनलाही तोच द्यावा लागतो.

---

काजवा

सायलेन्स मंत्राने किंकाळीच बंद केली तर?

---

तिरपा_फासा

चालतं, पण तो २० फूट त्रिज्येचा गोल एका जागी रोवला जातो. नाण्यावर टाकून खिशात घालून फिरता येत नाही, ती जुन्या आवृत्त्यांची सवय आहे. आत तोंडाने म्हणायचे मंत्रही बंद, तुमचेसुद्धा. आणि गप्पा मारणाऱ्या दोन गार्डांना अचानक आपलाच आवाज येईनासा झाला तर त्यांना चाहूल लागणार नाही का? वार पहिल्याच फेरीत पडला पाहिजे.

इनव्हिजिबिलिटीबद्दलही तेच. नजर बंद होते, पाऊल वाजतं, वास येतो. २०१४त अदृश्य पात्राला हाइड करावंच लागतं. कुत्र्यापुढे तर लपायला अदृश्य असण्याचा उपयोग फारसा नाही.

---

पडद्याआड

उलट बाजूही हवी, म्हणजे शत्रू खेळाडूंवर दबा धरून बसलेत तेव्हा. "सगळ्यांनी पर्सेप्शन टाका" म्हटलं की तिथेच सुगावा लागतो. कोणाचाही रोल जमला नसला तरी सगळे तलवारी उपसतात. त्याऐवजी खेळाडूंचे पॅसिव्ह आकडे पहिल्या दिवशीच लिहून घ्या, गॉब्लिनांसाठी एकदाच फासा टाका (त्यांचे +६) आणि तुलना करा. २०१४च्या नियमाप्रमाणे वाट काढणारा, माग काढणारा, नकाशा आखणारा किंवा कंदमुळं शोधणारा पहाऱ्यात धरायचा नाही. हे प्रवासाच्या सुरुवातीला विचारून ठेवलं की पुढे "मी तर बघतच होतो" होत नाही. वेगाने चालले तर पॅसिव्हमधून ५ वजा. आणि टोळीलाच दबकत जायचं असेल तर मंद चाल, ताशी २ मैल.

ऑनलाइन खेळत असाल तर रोल२० वर दबलेल्यांच्या सोंगट्या जीएम लेयरवर ठेवा. फाउंड्रीत सोंगटी लपवता येते आणि 'ब्लाइंड जीएम रोल'ही आहे, गुप्त चेकसाठी तो वापरा.

---

घुबडदृष्टी

अवांतर, पण इतिहास कामाचा आहे. चोर हा क्लास डी अँड डीच्या १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. १९७८च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीत पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायला १० टक्के आणि नि:शब्द चालायला १५ टक्के. दोन्ही जमायची शक्यता दीड टक्का. म्हणून जुन्या पद्धतीने खेळणारे बरेच जण हे आकडे असे वाचतात: पडद्यामागे, पिंपामागे कोणीही लपू शकतो, त्याला रोल नाही. चोराचे टक्के म्हणजे जिथे लपायला काहीच नाही तिथे नुसत्या सावलीत विरघळणं. धागाकर्त्यांनी वळणापर्यंत रोल घेतला नाही, तेही याच चालीचं आहे. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत लपणं आणि नि:शब्द चालणं ही दोन वेगळी कौशल्यं झाली, समोर पाहणं आणि ऐकणं अशी दोन. दोनदा टाका, दोनदा फसा. २००८च्या चौथीत ती एक झाली ते बरंच झालं.

---

काजवा

शेवटचा प्रश्न. कुत्र्याला मांस टाकायला कोणता चेक आणि लक्ष्य किती?

---

देवडीवाला

ॲनिमल हँडलिंग (जनावरं हाताळण्याचं कौशल्य). ठरलेलं लक्ष्य पुस्तकात नाही. मी भुकेल्या कुत्र्याला १०, पोट भरलेल्याला १५ धरेन. पहारेकऱ्याच्या हातूनच खायला शिकवलेला असेल तर मांसाचा उपयोगच नाही, हे आधी टेहळणी करणाऱ्याला दिसू द्या: गार्डने तुकडा खाली टाकला, कुत्र्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द ऐकल्यावरच खाल्ला. चेक फसला तर कुत्रा गुरगुरतो, सोंगटी 'चाहूल'वर. भुंकणं पुढच्या पायरीला. आणि मांस वाऱ्याच्या खालच्या अंगाने टाकायला सांगा, टाकणाऱ्याचा वास मांसाआधी पोचला तर लक्ष्यात पाच वाढवा.